सुटीतले कोकण आणि 'प्रादेशिक' हा शब्द

सुटीत कोकणात जाऊन यावे आणि आल्यावर त्यावर लेख लिहावा, अशा लोकांचा एक वर्ग मराठीत फार पूर्वीपासून आहे. आम्हीही त्याच वर्गातले, हे आधीच कबूल केलेले बरे. या लेखांत काही शब्द हटकून भेटतात: लाल माती, गर्द सावली, समुद्राची गाज, आणि सर्वांत हटकून 'शांतता'. या शेवटच्या शब्दाविषयी आमच्या मनात अलीकडे जो संशय उत्पन्न झाला आहे, तो इथे मांडायचा आहे.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून आम्ही तिघे चार दिवसांसाठी आंजर्ल्याला गेलो. तिघेही मराठीचे अध्यापक. वाटेत हर्णै लागते. हर्णै हे वाऱ्याचे गाव. बंदरावर उभे राहावे तर समोर सुवर्णदुर्ग, पायाशी मासळीच्या टोपल्या, आणि दुपार कलल्यावर असा काही वारा सुटतो की लिलावात बोली लावणाऱ्या बायकांना आवाज चढवावा लागतो. तिथून खाडी ओलांडून आंजर्ल्यात शिरले आणि कड्यावरच्या गणपतीच्या देवळाकडे चढू लागले की हा सगळा कोलाहल एकदम मागे राहतो. आमचे उतरण्याचे घर या चढावरच होते. चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणारी पाखाडी, दोन्ही बाजूंना घरे, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक घरांना कुलपे. पहिल्याच संध्याकाळी आमच्यातल्या एकाने वहीत नोंद केली: 'इथली शांतता ऐकू येते. रात्री फक्त वाऱ्याचे संगीत.'

ही नोंद वाचून आम्ही तिघांनीही माना डोलावल्या होत्या. म्हणून दोष एकट्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना आम्ही घरच्या काकूंजवळ वाऱ्याचे कौतुक केले. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "रात्री वारा वाजायला लागला की हे अजून उठून बसतात हो." काकांनी वर न बघता पुढचे सांगितले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले तेव्हा दोघे माजघरात बसून होते. कौले एकेक करून उडताना मोजत होते, मग मोजायचे थांबले. खाली गावात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वर आंब्याची कलमे मुळासकट उपटली. कलम लावल्यापासून हाताला चार पैसे लागेपर्यंत आठ-दहा वर्षे जातात, आणि काकांनी तेव्हाच साठी ओलांडलेली होती. तेव्हा कलमांच्या त्या मोकळ्या झालेल्या जागेवर कर्ज काढून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. त्यांतल्याच एका खोलीत ती वही उशाशी ठेवून आम्ही झोपलो होतो.

आणि कुलपे? त्यांचाही हिशेब काकूंना तोंडपाठ होता. हे घर विरारला, ते डोंबिवलीला, त्या पलीकडचे तर आता गणपतीतही उघडत नाही. शिमग्याची पालखी नाचून झाली की चाकरमानी परततात आणि पाखाडी पुन्हा मोकळी होते. आम्ही जिला शांतता म्हणून चार दिवस उपभोगत होतो, ती म्हणजे बव्हंशी गेलेल्या माणसांची जागा होती. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांनी दीड शतक ती निर्माण केली आहे. कोकणचा निसर्ग शांत आहे म्हणून कोकण शांत आहे, हे वाक्य म्हणूनच आम्हाला अर्धवट वाटते. निसर्ग तर तिथला मुळीच शांत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ज्या चढावर आम्ही बसलो होतो त्याच्या जवळच मुर्डी. श्री. ना. पेंडसे १९१३ साली इथे जन्मले, लहानपणीच मुंबईला गेले, नोकरी त्यांनी बेस्टमध्ये केली, आणि २००७ साली निवर्तले. म्हणजे ज्यांना आपण कोकणचे कादंबरीकार म्हणतो, ते स्वतः चाकरमानीच. 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबऱ्या आपण वर्षानुवर्षे 'प्रादेशिक कादंबरी' या मथळ्याखाली शिकवीत आलो. त्याच पेंडशांनी मुंबईतल्या मध्यमवर्गीय जगण्यावर 'लव्हाळी' (१९६६) लिहिली, तिला मात्र कुणी प्रादेशिक म्हणत नाही. मुंबई हा प्रदेश नव्हे काय? गिरगाव-दादरची बोली, तिथल्या चाळी, तिथला पाऊस हे काय प्रदेशविशेष नव्हेत? प्रदेश नेहमी दुसऱ्याचा असतो. आपण राहतो ती नुसती जागा. हा न्याय समीक्षकाचा खासच नव्हे. तो सुटीवर आलेल्या माणसाचा आहे.

या संज्ञेने काही काम केले हे आम्ही नाकारीत नाही. 'बनगरवाडी'सारख्या कृतींना जागा मिळाली, बोलीला छापील प्रतिष्ठा आली, पुणे-मुंबईच्या दिवाणखान्यांतून मराठी कादंबरी बाहेर पडली. परंतु वर्गात तिचे काय होते ते पाहा. विद्यार्थी 'प्रदेशचित्रण' या मथळ्याखाली समुद्र, पोफळी, बोलीभाषा, सण-उत्सव अशी जंत्री देतो आणि गुण मिळवतो. आम्हीच ते देतो. बापू गावाशी आणि अण्णा खोतांशी उभा दावा मांडतो, राधेबरोबर उघड संसार करतो, आणि यामागे जमीन, जात, सत्ता यांचे जे रण आहे ते त्या जंत्रीत पार्श्वभूमी होऊन बसते. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. तिच्याविरुद्धचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९३७ सालीच मांडले होते, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ याच दापोलीत गेला होता. पेंडशांचा खोत वाचताना हे वर्गात कितीदा उच्चारले जाते? आमच्या वर्गात तरी, प्रामाणिकपणे सांगायचे तर, फारसे नाही. पोफळीच मोजल्या जातात.

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) तर याहून सरळ बोलते. अंबूवहिनीच्या तोंडून आपण एक नांदते गाव मोडताना ऐकतो. कोकणातली शांतता कशी तयार होते, याची एवढी सविस्तर साक्ष मराठीत असताना आपण तिच्यातून वेचले काय, तर म्हणी, ओव्या आणि झाडपाल्याची औषधे! कादंबरी दुःखाची, आणि आम्ही तिचे वस्तुसंग्रहालय केले.

कुणी म्हणेल, चार दिवस विसाव्याला गेलेल्या माणसाने एवढा विचार का करावा? खरे आहे, काकूंनीही तो मागितला नव्हता. त्यांना दोन खोल्या भरलेल्या हव्यात, आणि पाहुण्यांना शांतता आवडते म्हणून त्या फलकावर लिहितातही तेच. पाहुण्याला अपराधी वाटल्याने हप्ता फिटत नाही. आमची तक्रार प्रवाशाविषयी नाही. प्रवासी परत जाऊन अध्यापक होतो आणि तीच नजर घेऊन कादंबरी उघडतो, त्याविषयी आहे.

निघताना काकूंनी अभिप्रायाची वही पुढे केली. पाने चाळली तर जवळजवळ प्रत्येक पानावर तो शब्द होता. कुठे 'निवांत', कुठे 'नीरव'. आमच्यातल्या एकाने लेखणी उघडली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. काकू म्हणाल्या, "लिहा हो काहीतरी, चांगलंच लिहा, मुलगा मोबाइलवर टाकतो ते." मग आम्ही जेवणाविषयी लिहिले. कुळथाचे पिठले खरोखरच उत्तम होते.