बदलीनंतर ही प्रणाली कोण उघडेल?

दिल्लीतील एका सरकारी कार्यालयात संगणक-प्रणाली निवडण्यासाठी नेमलेल्या समितीवर काही वर्षांपूर्वी मी होतो. दिव्यांग व्यक्तींना श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या, कृत्रिम पाय अशी साहाय्यक साधने मिळावीत म्हणून जे अर्ज येतात, त्यांची जुनी प्रणाली मोडकळीस आली होती आणि नवी बांधायची होती. बैठकीत एका तरुण अभियंत्याने एक नवेकोरे मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्क सुचविले. ते प्रसिद्ध होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यात काम निम्म्या वेळात होईल असे त्याचे म्हणणे होते, आणि दोन दिवसांत तयार केलेला नमुनाही त्याने दाखविला. नमुना खरोखरच चांगला होता. त्यावर एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने एवढेच विचारले, "कल को कुछ हुआ तो नोटिस किसको भेजेंगे?" बैठकीत हशा पिकला, पण प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. कोणत्याही संकेतस्थळाला काही गोष्टी लागतातच: वापरकर्त्याची ओळख पटविणे, अर्ज भरून घेणे, माहिती साठविणे, शोधणे, यादी छापणे. या गोष्टी दर वेळी नव्याने लिहीत बसण्याऐवजी त्यांचा तयार सांगाडा घ्यायचा आणि आपल्या कामापुरत्या भिंती उभ्या करायच्या. या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. भिंतीचा रंग बदलता येतो; सांगाडा बदलायचा तर घर पाडावे लागते. म्हणून ही निवड वरवर तांत्रिक दिसली तरी तिचे परिणाम प्रशासकीय असतात.

मुक्तस्रोत प्रणालींबाबत शासनाचे धोरण स्पष्ट आहे. भारत सरकारने 2015 मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार ई-प्रशासनाच्या प्रणालींत मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्यायचे आहे, आणि तो वगळायचा असेल तर कारण द्यायचे आहे. तुलना करताना क्षमता, सुरक्षितता, सरकारचे नियंत्रण, आयुष्यभराचा खर्च आणि देखभालीची सोय पाहावी, असेही ते धोरण सांगते. मुक्तस्रोत घ्यावे की नाही हा वाद आता उरलेला नाही. खरी अडचण त्यापुढची आहे: अनेक मुक्तस्रोत पर्यायांपैकी जो अगदी नवा आहे, त्यावर विश्वास टाकावा का?

या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, कारण एकदा मी तो चुकविला आहे. त्यापूर्वी दुसऱ्या एका कार्यालयात असताना मी अशाच एका नव्या फ्रेमवर्कला मंजुरी दिली होती. काम एका हुशार कंत्राटी अभियंत्याने केले. प्रणाली वेळेत सुरू झाली, माझे कौतुकही झाले. पुढे माझी बदली झाली, त्याचे कंत्राट संपले. फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी दोन वर्षांत दुसरी आवृत्ती काढली. ती पहिलीशी जुळणारी नव्हती, आणि पहिलीची देखभाल त्यांनी थांबविली. सुरक्षा-तपासणीत दोष निघाले तेव्हा ते दुरुस्त करणारा कोणी कार्यालयात नव्हता. शेवटी प्रणाली बंद करावी लागली आणि अर्जदारांना पुन्हा कागदी अर्ज भरायला सांगण्यात आले. त्यात गाझियाबाद आणि फरीदाबादहून दोन-दोन बस बदलून येणारी वृद्ध माणसे होती. त्यांच्या हेलपाट्यांची नोंद कोणत्याही फाइलीत झाली नाही. मंजुरीच्या टिपणीवर मात्र सही माझी होती.

एवढे पोळल्यावर कोणीही म्हणेल की नव्याच्या वाटेला जाऊच नये. पण हा निष्कर्षही मला चुकीचा वाटतो. आज जगभर वापरले जाणारे जॅंगो हे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत, बातम्या वेळेवर झळकाव्यात या गरजेतून तयार झाले आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्या वेळी कोणत्याही निविदा-समितीने त्याला "अपरिपक्व" म्हणून बाद केले असते. परंतु 2008 मध्ये त्याची सांभाळ करणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि पुढे दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना साधारण तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचा परिपाठ पडला. लहान जागी जन्मलेले काम टिकले ते अशा शिस्तीमुळे.

उलट, मोठे नाव पाठीशी असणे ही काही हमी नव्हे. गूगलच्या पाठबळाचे अँग्युलरजेएस 2010 मध्ये आले आणि झपाट्याने पसरले. 2016 मध्ये आलेली पुढची आवृत्ती इतकी वेगळी होती की जुनी कामे जवळजवळ नव्याने लिहावी लागली, आणि 2021 च्या अखेरीस जुन्याची अधिकृत देखभाल संपली. कोडइग्नायटरची कथा याहून निराळी आहे. 2006 मध्ये ते काढणाऱ्या कंपनीने 2013 मध्ये सांगितले की आम्हांला याची सांभाळ करणे जमणार नाही, नवा पालक शोधतो आहोत. आणि 2014 मध्ये कॅनडातील एका तंत्रशिक्षण संस्थेने ते स्वीकारले. आपल्याला जमत नाही हे वेळेवर सांगून रीतसर कार्यभार सोपविणे, हा गुण मी सरकारी खात्यांतही क्वचितच पाहिला आहे.

जुने म्हणजे सुरक्षित, हाही भ्रमच. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीकडून 2017 मध्ये सुमारे 14.7 कोटी लोकांची खासगी माहिती चोरीस गेली, ती स्ट्रट्स या जुन्या, मुरलेल्या फ्रेमवर्कमधील दोषातून. त्या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. कंपनीने ती वेळेत बसविली नाही. म्हणजे फ्रेमवर्कचे वय पाहण्याआधी आपल्याकडे ते अद्ययावत ठेवणारा माणूस आहे का, हे पाहायला हवे.

तेव्हा सांगायचा मुद्दा असा की, फ्रेमवर्क नवे की जुने हा प्रशासकाचा प्रश्न नव्हेच. अधिकारी एका जागी दोन-तीन वर्षे असतो, प्रणाली दहा-पंधरा वर्षे चालते. म्हणून त्याने विचारायचे ते हे: निवडणारा बदलून गेल्यावर ही प्रणाली कोण उघडू शकेल? या एका प्रश्नातून बाकीच्या कसोट्या आपोआप निघतात. परवाना असा आहे का, की मूळ कर्ते उद्या निघून गेले तरी आम्ही किंवा दुसरा कोणी ते काम पुढे चालवू शकेल? गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष दुरुस्त्या किती जणांनी केल्या, की सारा भार एकट्या माणसावर आहे? सुरक्षेतील दोष कळविण्याची पद्धत ठरलेली आहे का, आणि पूर्वी कळविलेले दोष किती दिवसांत मिटले? एका आवृत्तीतून दुसरीत जाण्याचा मार्ग लिहून ठेवला आहे का? आणि माहिती सर्वमान्य डेटाबेसमध्ये अशी साठते का, की फ्रेमवर्क सोडले तरी ती जशीच्या तशी बाहेर काढता येईल? यांतील एकाही प्रश्नासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लोकप्रियतेचे आकडे मात्र मी बाजूला ठेवीन. किती जणांनी पसंतीची खूण केली यावरून उद्या दुरुस्ती कोण करणार हे कळत नाही.

आपल्या भाषांसाठी आणखी एक कसोटी लागते, आणि ती बहुधा कोणी लावीत नाही. "गुड़गाँव" या नावातले नुक्त्याचे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध, किंवा ड आणि नुक्ता वेगवेगळे. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना दोन वेगळी नावे समजू शकतो. आपल्या "कऱ्हाडे" या आडनावातील अर्ध्या र चेही तसेच आहे. एका पद्धतीत तो जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाने लिहिला जातो. फ्रेमवर्कने ते चिन्ह निरुपयोगी समजून पुसले तर नावाचे रूपच बदलते, आणि प्रमाणपत्रावरचे नाव अर्जाशी जुळत नाही. युनिकोडपूर्व काळात ज्याच्या-त्याच्या फॉन्टमध्ये कैद झालेले मराठी दस्तऐवज सोडविताना आपण काय सोसले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. म्हणून अशी पाचपन्नास नावे त्या अभियंत्याकडून नमुन्यात भरून घ्यावीत आणि पुन्हा शोधून दाखवायला सांगावे. यास अर्धा दिवस पुरतो.

असो. त्या बैठकीत शेवटी काय ठरले? मूळ अर्जांची प्रणाली आम्ही मुरलेल्या फ्रेमवर्कवर बांधली. साधनवाटप शिबिरांची वेळ नोंदविण्याचा छोटा भाग मात्र त्या तरुणाला नव्या फ्रेमवर्कमध्ये करू दिला. अटी तीनच होत्या: कामकाजाचे नियम फ्रेमवर्कपासून वेगळ्या भागात लिहायचे, दुसऱ्या एका कायम कर्मचाऱ्याने ते काम शिकायचे, आणि देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात दाखवायचा. फुकट मिळणाऱ्या प्रणालीला देखभालीचे पैसे कशाला, असा आक्षेप वित्त शाखेने घेतलाच. परवाना फुकट आहे, माणूस नाही, हे समजावताना दोन फाइली परत आल्या. पुढे त्या फ्रेमवर्कचीही मोठी आवृत्ती बदलली. तोवर तो तरुण दुसरीकडे गेला होता. दुरुस्ती त्या कायम कर्मचाऱ्याने केली, आणि शिबिरे थांबली नाहीत.

नोटीस कोणाला पाठवायची, या प्रश्नाचे उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते की मुक्तस्रोत प्रणालीत ती स्वतःलाच पाठवावी लागते. विक्रेत्यावर ढकलता येणारी जबाबदारी येथे आपल्याकडे राहते. आणि ती निभावण्याची तयारी नसेल तर नवे काय, जुने फ्रेमवर्कही घेऊ नये. पुढच्या वेळी अशी निवड कोणाच्या टेबलावर आली, तर मंजुरीच्या टिपणीत एक परिच्छेद वाढवावा: माझ्यानंतर ही प्रणाली कोण चालवील, आणि ती सोडायची झाल्यास कशी सोडावी. तो परिच्छेद लिहिता येत नसेल, तर सही करण्याची वेळ अजून आलेली नाही.