आरोग्याच्या वर्गात राजकारणाचा तास

सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, घेणाऱ्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत बरेच काही येऊ लागते. साथीचा आलेख काढता येतो, पाहणीसाठी किती माणसे निवडायची हे ठरवता येते, एखाद्या लसीमुळे किती मृत्यू टळतील याचा अंदाज बांधता येतो. पण जिल्हा परिषदेत, मंत्रालयात किंवा एखाद्या संस्थेत कामाला लागल्यावर त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. उपाय माहीत आहे, पुरावाही हाताशी आहे, मग निर्णय का होत नाही? याचे उत्तर संख्याशास्त्राच्या पुस्तकात नसते. ते राजकारणात असते, आणि आरोग्याच्या वर्गात नेमका तोच विषय सर्वांत संकोचाने शिकवला जातो.

भारतात ही पदवी तशी तरुण आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने 1997 मध्ये ती सुरू केली. त्यानंतर देशभर असे अभ्यासक्रम निघाले. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनीही ते चालवले. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर असे नाना पार्श्वभूमीचे विद्यार्थी तिथे एकत्र येतात. आरोग्य धोरण हा विषय अभ्यासक्रमात असतो. पण तो 1946 चा भोर समितीचा अहवाल, 2005 चे ग्रामीण आरोग्य अभियान, 2017 चे राष्ट्रीय आरोग्य धोरण अशा सनावळीपुरता उरण्याचा धोका असतो. सनावळी पाठ झाली तरी धोरण कसे घडते आणि कसे अडते, हे कळतेच असे नाही.

वेष्टनावरचे चित्र

तंबाखूच्या वेष्टनावरील धोक्याच्या चित्राची कथा यासाठी उत्तम धडा ठरेल. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा, अशी अधिसूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर 2014 मध्ये काढली. ती 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायची होती. अंमलबजावणीला काही दिवस उरले असताना संसदेच्या दुय्यम विधिविधान समितीने ती पुढे ढकलण्याची शिफारस केली आणि मंत्रालयाने ती मानली. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी, तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारा भारतीय अभ्यास नाही, असे विधान केले. समितीतील एका सदस्याचा स्वतःचा विडीचा व्यवसाय होता, हेही तेव्हा चर्चेत आले.

भारतीय अभ्यास नव्हता का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1966 पासून निरनिराळ्या राज्यांत घरोघरी जाऊन तोंडाच्या कर्करोगाची पाहणी केली होती. धूम्रपानामुळे भारतात वर्षाला सुमारे दहा लाख मृत्यू होतील, असा अंदाज देशव्यापी अभ्यासातून 2008 मध्येच मांडला गेला होता. पुराव्याची कमतरता नव्हती. तो निर्णयाच्या टेबलापर्यंत कोण नेतो आणि तिथे आधीपासून कोण बसलेले असते, हा प्रश्न होता.

पुढे राजस्थान उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंत्रालयाने नवी तारीख दिली आणि एप्रिल 2016 पासून मोठे इशारे लागू झाले. डिसेंबर 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मंत्रालय, संसदीय समिती, दोन उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय असा एका चित्राचा प्रवास. हा प्रवास ज्याने वर्गात नीट अभ्यासला, तो पुढे एखादा प्रस्ताव अडला की नुसता हताश होणार नाही. नेमका कुठे अडला ते शोधेल.

या धड्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विरोधात फक्त कंपन्या नसतात. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या हजारो बायका आहेत. तंबाखू कमी व्हावी म्हणणाऱ्याने त्यांच्या रोजीचे काय, याचे उत्तर तयार ठेवलेले नसेल, तर कारखानदार त्यांनाच पुढे करणार. ‘विरोधक’ या एका शब्दात सगळ्यांना कोंबू नये, एवढे जरी विद्यार्थी शिकला तरी पुष्कळ झाले.

संघटित थोडे, विखुरलेले अनेक

राजस्थानचा आरोग्य हक्क कायदा हे दुसरे उदाहरण. मार्च 2023 मध्ये विधानसभेने तो मंजूर केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, खर्च रुग्णाने दिला नाही तर सरकारने भरावा, ही त्यातली कळीची तरतूद होती. खासगी डॉक्टरांनी आंदोलन पुकारले आणि सुमारे दोन आठवडे खासगी दवाखान्यांची सेवा विस्कळीत झाली. ‘तातडीचे’ म्हणजे काय, पैसे कधी मिळणार, तक्रारी कोण ऐकणार, हे त्यांचे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हते. 4 एप्रिलला तडजोड झाली. पन्नासपेक्षा कमी खाटांची आणि सरकारी जमीन किंवा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे ठरले. नियमांचे काम मात्र रखडले.

कायद्याचा लाभ कोट्यवधींना होणार होता. पण आपल्याला कधी अपघात होईल हे कोणालाच आधी ठाऊक नसल्याने त्यांच्यापैकी फारच थोडे रस्त्यावर आले. ज्यांच्यावर भार पडणार होता ते संख्येने थोडे, पण संघटित होते. सार्वजनिक आरोग्याच्या बहुतेक लढायांचे गणित असेच असते : फायदा विखुरलेला, तोटा एकवटलेला. हे आधी ओळखले, तर विधेयक मांडण्यापूर्वी कोणाशी बोलायचे, कोणती तरतूद सोडायची नाही आणि कोणत्या शंकेला नियमांतच उत्तर द्यायचे, हे ठरवता येते.

संदर्भ बदलला की तोच उपाय कसा उलटतो, हे पुण्याला वेगळे सांगायला नको. 1897 च्या प्लेगात रुग्ण शोधून वेगळे करण्याचा हेतू वैद्यकीय होता. पण घरझडत्यांसाठी सैनिक पाठवले गेले, माजघरापर्यंत बूट पोहोचले आणि लोक रुग्ण लपवू लागले. रँडच्या हत्येची गोष्ट प्रत्येक मराठी मूल शाळेत शिकते. ती आरोग्य धोरणाचा धडा म्हणून क्वचितच वाचली जाते.

शिकवायचे कसे?

गिल वॉल्ट आणि लुसी गिल्सन यांनी 1994 मध्ये सुचवलेली चौकट यासाठी जगभर वापरली जाते. धोरणाचा आशय पाहा, पण त्याबरोबर त्याचा संदर्भ, ते घडण्याची प्रक्रिया आणि त्यातली माणसे व संस्थाही पाहा, एवढेच ती सांगते. अमेरिकेत एमपीएच अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेने ठरवलेल्या 22 मूलभूत क्षमतांपैकी 4 धोरणाविषयीच्या आहेत. धोरण कसे ठरते हे सांगता येणे आणि संबंधितांची आघाडी उभारणे ही त्यांतलीच कौशल्ये.

मराठी वर्गात यासाठी महागडी सामग्री लागत नाही. एका जिल्ह्याच्या आरोग्य खर्चाचे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडून पैसा कुठे गळाला ते शोधता येते. शासन निर्णय वाचून जबाबदारी नेमकी कोणावर टाकली आहे, हे पाहता येते. नियमांच्या मसुद्यावर ‘हरकती व सूचना’ लिहिता येतात. 2012 च्या गुटखाबंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत का विकले जाऊ लागले, याचा छडा टपरीवर लावता येतो. वर्गातच संसदीय समिती भरवून एका गटाला डॉक्टरांची, दुसऱ्याला अर्थखात्याची, तिसऱ्याला विडी कामगारांची बाजू मांडायला लावता येते. आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचा सराव इथे सर्वाधिक उपयोगी पडतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : राजकारण शिकवले तर वर्ग पक्षांच्या वादात अडकेल आणि आरोग्य अधिकारी कार्यकर्ते होतील. ही भीती निराधार नाही. शिक्षकाचा कल लपत नाही आणि वर्गात सरकारी सेवेतले विद्यार्थीही असतात. म्हणूनच उदाहरणे वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटींतली निवडावीत आणि गुण निष्कर्षाला न देता विश्लेषणाला द्यावेत. विषयच टाळला, तर विद्यार्थी राजकारणापासून दूर राहत नाही. तो फक्त त्याबाबत अडाणी राहतो.

या अडाणीपणाची किंमत मोठी आहे. सरकारांचा आरोग्यावरील खर्च 2025 पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या 2.5 टक्के व्हावा, असे 2017 च्या धोरणात लिहिले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये, कोविडच्या काळातही, तो 1.84 टक्के होता आणि एकूण आरोग्य खर्चातला 39.4 टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. 2.5 हा आकडा कोणत्याही पक्षाला अमान्य नव्हता. तरीही दरवर्षी अर्थसंकल्प मांडताना तो मागे का पडतो, कोणासाठी मागे पडतो आणि पुढे आणायचा तर कोणाला बरोबर घ्यावे लागेल, हे प्रश्न एमपीएचच्या परीक्षेत यायला हवेत.