चंद्याआधी चार प्रश्न विचारा

गेल्या पावसाळ्यात माझे मामू बार्शीत घराच्या पायरीवरून घसरले. डोक्याला किरकोळ मार लागला, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांचा उजवा पाय ओढला जाऊ लागला, बोलताना शब्द सापडेनात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं दिसलं. कवटीला छिद्र पाडून ते काढणं ही न्यूरोसर्जनसाठी नेहमीची शस्त्रक्रिया, पण ती वेळेत व्हावी लागते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांची यादी काढली आणि वाटलं, काम झालं. पहिल्या रुग्णालयाने सांगितलं, "योजना आहे, पण न्यूरोसर्जरीला नाही." दुसऱ्याने सांगितलं, "सर आठवड्यातून दोनदा येतात, योजनेच्या केसेस घेत नाहीत." तिसरीकडे बेड होता, न्यूरोसर्जनही होते, पण रेशनकार्डावर 'महंमद' आणि आधारवर 'मोहम्मद'. यात दीड दिवस गेला. अखेर एका सरकारी रुग्णालयात योजनेतूनच शस्त्रक्रिया झाली. मामू आता काठी घेऊन चालतात.

त्या दीड दिवसात मामेभावाने व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड टाकला होता. सत्तर हजार रुपये जमले. रोजंदारीवर जाणाऱ्या एका शेजाऱ्यानेही पाचशे रुपये पाठवले. ऑपरेशन मोफत झालं तेव्हा मला आनंदापेक्षा शरम जास्त वाटली. जे आमच्या हक्काचं होतं, त्यासाठी आम्ही गरिबाचा खिसा रिकामा केला होता. पैसे परत केले, पण प्रश्न उरला.

आपल्या मोहल्ल्यात मोठं आजारपण आलं की पहिली धाव चंद्याकडे असते. मदतीची ही सवय चांगली आहे, पण ती पहिली पायरी नसावी. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कुणी दया म्हणून दिलेली ही रक्कम नाही, ती आपल्या करातून येते.

मी डॉक्टरांना खलनायक ठरवत नाही. एमबीबीएस आणि एमएस झाल्यावर न्यूरोसर्जरीसाठी आणखी तीन वर्षं शिकावं लागतं, आणि त्यानंतर बहुतेक जण मोठ्या शहरातच थांबतात. लहान शहरात तोच सर्जन दोन-तीन रुग्णालयांत जातो. योजनेचं पॅकेज ठरलेलं असतं, त्यातूनच आयसीयू, औषधं, तपासण्या आणि सर्जनची फी भागवायची असते. त्यामुळे भिंतीवर योजनेचा फलक असतो, पण त्यामागे सर्जन असेलच असं नाही. रुग्णालयाची नोंदणी विशेषज्ञतेनुसार होते, हे कुटुंबाला माहीत नसतं.

म्हणून रुग्ण हलवण्याआधी फोनवर आरोग्यमित्राला चार प्रश्न विचारा. न्यूरोसर्जरी या योजनेत तुमच्याकडे मंजूर आहे का? सर्जन आज उपलब्ध आहेत का आणि योजनेतून ऑपरेशन करतात का? आयसीयूत बेड आहे का? आमच्या आजाराचं पॅकेज कोणतं? उत्तर टाळलं तर १५५३८८ वर फोन करा. तातडीच्या वेळी कागद अपुरे असले तरी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, ती मागा. कुठेच जमलं नाही तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असाव्या लागतात.

आणि एक काम आजच करा. घरातल्या सगळ्यांची रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं शेजारी ठेवून पाहा. शेख, शैख, मोहम्मद, महंमद, बी आणि बेगम यांत आपली निम्मी कागदपत्रं अडकलेली असतात. रुग्ण बेशुद्ध असताना स्पेलिंग दुरुस्त होत नाही.

सरकारकडे मागणीही तितकीच स्पष्ट हवी. माझ्या कामात चुकीचा डेटा दाखवणारी यादी कुणी खपवून घेत नाही. रुग्णालयांच्या यादीत विशेषज्ञतेसोबत सर्जनचे वार आणि रिकामे बेड रोज दिसले पाहिजेत. नकार दिला तर तो लेखी मिळाला पाहिजे. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही, म्हणून सरकारी कागदावर सगळं सुरळीत दिसतं.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मोबाईलवर इंटरनेट आहे, मराठी वाचता-बोलता येतं, अर्ज लिहिता येतो. मोहल्ल्यात अशी दोन मुलं किंवा मुली तयार झाल्या, तरी पुढच्या वेळी क्यूआर कोडच्या आधी फोन लागेल. चंदा थांबवू नका. तो गाडीभाड्याला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला आणि बुडालेल्या रोजंदारीला लागतोच. ऑपरेशनचे पैसे मात्र सरकारने द्यायचे आहेत, ते शेजाऱ्याकडून घेऊ नका.