झाड पाडायचा रेट सांगताना खालून जाणाऱ्या माणसाचा खर्च धरलात का?



झाडं काढायच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न मशीनबद्दल आले. चेनसॉ कोणता घेऊ, किती इंची घेऊ, पेट्रोल किती खातो. त्याची उत्तरं व्हिडिओत आहेत. आज इथे जे बोलायचंय ते एकानेही विचारलं नाही. तुम्ही वर फांदी कापताय तेव्हा खालून जाणाऱ्या माणसाचं काय?

माझं मत सरळ आहे. पायी जाणाऱ्याच्या सुरक्षेचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. गिऱ्हाईक ती ओळ खोडायला लावत असेल तर काम सोडून द्या.

आपल्या सुरगाण्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या छाटायच्या, वाळकी झाडं काढायची कामं निघतात. नगरपंचायत, बांधकाम विभाग, महावितरण, शाळा, घरमालक, सगळ्यांना माणसं लागतात. म्हणजे धंदा आहे. पण रस्त्याच्या कडेने चालतं कोण ते बघा. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, आश्रमशाळेची पोरं, जीपमधून उतरून बाजाराला निघालेले आजोबा. बहुतेक ठिकाणी फुटपाथ नाही. झाडाखालची सावली हीच त्यांची वाट आहे, आणि तुमचं कामही नेमकं तिथेच.

जुलै 2017 मध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं. त्या पूर्वी दूरदर्शनवर निवेदिका होत्या. त्यात त्यांचा जीव गेला. ते झाड कोणी कापत नव्हतं, आपोआप पडलं. म्हणून धोक्याचं झाड काढायलाच हवं, यात वाद नाही. पण ज्या माणसाला वाचवायला आपण झाड काढतो, तोच आपल्या कामात सापडला तर त्या कामाचा उपयोग काय?

आता रेटचं बघू. समजा तुम्ही एका झाडाचे 6,000 सांगितले आणि दुसरा 4,800 ला तयार झाला. मशीन तेच, पेट्रोल तेच, मजुरी तीच. मग 1,200 वाचले कुठून? बहुतेक वेळा रस्ता अडवणारी दोन माणसं त्याने धरलेलीच नसतात. त्याच्या रेटला रेट लावू नका. गिऱ्हाइकाला दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून दाखवा आणि विचारा, "यात रस्त्यावर कोण उभं राहणार?"

आता ती ओळ लिहिली की त्या पैशात नेमकं काय करायचं?

पहिलं, अंतर. सबंध झाड पाडताना झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरात बाहेरचं कोणी नको, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. उंची मोजायला तीन फुटी काठी उभी करा. तिची सावली दोन फूट आणि झाडाची 28 फूट पडली, तर झाड 42 फुटी. म्हणजे 84 फूट मोकळे हवेत, आणि तेही चारही बाजूंनी. झाड ठरवलेल्या बाजूलाच पडेल अशी खात्री देता येत नाही. एवढी जागाच नसेल, आणि बाजारपेठेत ती नसतेच, तर सबंध झाड पाडू नका. दोर बांधून वरून तुकड्या-तुकड्याने उतरवा. मग त्याला दिवस जास्त लागतो, तसा रेटही जास्त सांगा.

दुसरं, माणसं. दोन्ही टोकांना एकेक माणूस, हातात लाल आणि हिरवं झेंडू, आपलं, निशाण. मशीन चालू असताना कापणाऱ्याला हाका ऐकू येत नाहीत, त्यामुळे ओरडण्यावर भरवसा नको. दोन्हीकडून "रस्ता मोकळा" असं निशाण दिसल्याशिवाय शेवटचा काप घ्यायचा नाही, हा गटाचा नियम करा. या दोघांना फांद्या ओढायला पाठवायचं नाही.

तिसरं, वाट. "लोक ऐकतच नाहीत, दोराखालून घुसतात," ही तक्रार मी नेहमी ऐकतो. अहो, ती घुसतात कारण तुम्ही वाट बंद केली, दुसरी दिलीच नाही. समोरच्या कडेने दोर लावून चालायची वाट आखून द्या. ते जमत नसेल तर किती वेळ थांबायचं ते सांगा. "मावशी, पाच मिनिटं" म्हटलं की माणूस थांबतो. नुसतं "थांबा, थांबा" केलं की चिडतो. इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरच्या कामांसाठी मार्गदर्शक पुस्तिका आहे, आयआरसी एसपी 55. तिच्यात आधी सूचना, मग वळवणं, मग काम, मग शेवट असे चार टप्पे सांगितलेत. आपल्या छोट्या कामालाही हाच क्रम लावा.

चौथं, वेळ आणि तार. बाजाराचा दिवस नको, शाळा भरायची-सुटायची वेळ नको. जवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मशीनला हात लावू नका. आणि अर्धवट कापलेलं किंवा दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड तसंच सोडून जेवायला बसू नका. ते खाली येईपर्यंत रस्ता बंदच.

कायद्याचंही ऐका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) प्रमाणे निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला तर कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड. झाड तोडायची परवानगी खिशात आहे म्हणून यातून सुटका होत नाही. परवानगी झाडाची असते, माणसाच्या जिवाची नाही.

दुकानदारांनाही एक सांगतो, कारण मी स्वतः दुकानात बसतो. समोर दोर लागला की गल्ला दोन तास थंड पडतो, कबूल. म्हणून ठेकेदाराने आदल्या दिवशी येऊन वेळ सांगायला हवी. पण "माझं गिऱ्हाईक तेवढं सोडा" म्हणून दोर वर उचलू नका.

नवीन धंद्यात मशीन कोणीही आणू शकतो. गावात नाव कशाने होतं? "त्याचं काम असलं की पोरांना बिनधास्त शाळेत पाठवा," असं लोक म्हणायला लागले की होतं. आज जुनं कोटेशन काढा आणि त्यात एक ओळ वाढवा: "पादचारी सुरक्षा: दोन माणसं, दोर, निशाणं." पुढे रक्कम लिहा. ती लिहिताना हात आखडू नका.