अर्थाचा अनर्थ

सर्व्हर बसवायला आलेला इंजिनिअर खोक्याला हात लावायच्या आधी काय करतो? मल्टीमीटर काढतो, सॉकेटमध्ये दोन प्रोब खुपसतो आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजतो. दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक, नाहीतर "सर, अर्थिंग करून घ्या, मग फोन करा" म्हणत चहा पिऊन निघून जातो. वॉरंटीचा प्रश्न असतो ना! आपण सॉफ्टवेअरवाले तिथेच उभे असतो, पण वायरी म्हणजे आपला प्रांत नाही अशी आपली ठाम समजूत. माझं मत असं, की या एका आकड्याच्या हट्टापायी कित्येक रॅक आधीपेक्षा जास्त धोकादायक होतात. आणि हे कळायला इलेक्ट्रिकलची डिग्री लागत नाही, दहावीतला ओहमचा नियम पुरतो.

हे व्होल्टेज येतं कुठून? न्यूट्रल आणि अर्थ हे तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जोडलेले असतात. फरक इतकाच, की न्यूट्रलमधून करंट परत जातो आणि अर्थमधून (सगळं ठीक असेल तर) जवळपास काहीच जात नाही. समजा ऑफिस चौथ्या मजल्यावर, मीटर खाली पार्किंगमध्ये, मध्ये चाळीसेक मीटर अडीच चौरस मिमीची तांब्याची वायर. तिचा रोध साधारण 0.3 ओहम. पंधरा अँपिअर ओढले की झाले साडेचार व्होल्ट! म्हणजे हा आकडा बहुतेक वेळा अर्थिंगबद्दल बोलतच नसतो. न्यूट्रल बारीक आहे, लांब आहे, कुठेतरी ढिली आहे किंवा तीन फेजवरचा लोड असमान आहे, असं तो सांगत असतो.

आता इंजिनिअर गेल्यावर काय होतं ते बघा. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वायरमन आला, सॉकेटचा बोर्ड उघडला, न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांमध्ये बोटभर वायरचा तुकडा टाकला आणि स्क्रू आवळले. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मीटरवर शून्य! शीटवर सही झाली, सर्व्हर चालू झाला, साहेब खूश. आपल्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन पकडलं आणि कॅच ब्लॉक रिकामा सोडला. एरर दिसत नाही म्हणजे बग गेला!

मजा पुढे आहे. या तुकड्यामुळे न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरीतून, रॅकच्या पत्र्यातून, शिल्डेड नेटवर्क केबलच्या जाळीतूनही परत जायला लागतो. मागे आरसीसीबी असेल तर तिला जाणारा आणि येणारा करंट वेगळा दिसतो आणि ती ट्रिप होते. ती बिचारी बरोबरच वागतेय. पण निष्कर्ष काय निघतो? "आरसीसीबी खराब आहे, काढून टाका."

आणि जुन्या इमारतीत त्या बोर्डापर्यंत अर्थची वायर आलेलीच नसेल तर? तेव्हा तो तुकडा हाच सगळा 'अर्थ'. उद्या वरच्या बाजूला न्यूट्रलचा एक स्क्रू ढिला होऊन वायर सुटली, की फेज सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून न्यूट्रलवर, तिथून तुकड्यावाटे अर्थ पिनेवर आणि थेट रॅकच्या दारावर. 230 व्होल्ट. एमसीबी पडणार नाही, कारण शॉर्ट सर्किट झालेलंच नाही. कळेल तेव्हा ते दार उघडणाऱ्यालाच कळेल.

म्हणून दूरच्या सॉकेटवर, लोड चालू असताना, अगदी शून्य व्होल्ट आले की मला आनंद होत नाही, शंका येते. बोर्ड उघडून बघायला सांगतो. लोक वैतागतात, वैतागू देत.

दुसरी आवडती पळवाट म्हणजे 'सर्व्हरसाठी वेगळा अर्थ पिट'. मीठ, कोळसा, तांब्याची प्लेट, वर पाणी घालायला नरसाळं... आणि तो इमारतीच्या अर्थिंगला जोडायचा नाही, कारण म्हणे 'क्लीन अर्थ' हवा. गणित करून बघा. आपला पिट 2 ओहम (बराच चांगला म्हणायचा), ट्रान्सफॉर्मरचा 2 ओहम. फेज रॅकला टेकली तर करंट 230 भागिले 4, म्हणजे 57 अँपिअर. सोळा अँपिअरच्या सी टाइप एमसीबीला झटक्यात पडायला 80 ते 160 लागतात. ती तापून पडेपर्यंत काही सेकंद जाणार आणि तेवढा वेळ रॅकवर 115 व्होल्ट. आरसीसीबी वाचवेल खरी, पण ती तर आधीच काढलीय! पिट हवे तेवढे करा, फक्त सगळे एकमेकांना जोडा. आपलं अर्थिंगचं मानक, आयएस 3043, हेच सांगतं.

आणि अर्थची वायर नुसतीच सुटली, बिघाड कुठेच नाही, तर? प्रत्येक पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट मुद्दामच अर्थमध्ये सोडलेला असतो. सप्लायमागे 1 मिलिअँपिअर धरू. दहा सर्व्हर, प्रत्येकी दोन सप्लाय, सगळे एकाच यूपीएसवर: 20 मिलिअँपिअर. दहाच्या वर गेलं की अनेकांना पकडलेली वस्तू सोडता येत नाही. एकही मशीन बिघडलेलं नसताना! पॉवर स्ट्रिपवरचा 'आधी अर्थ जोडा' हा इशारा याचसाठी असतो. बरं, मल्टीमीटरला हे कळत नाही. अर्थ वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो फेज-अर्थमध्ये 230 दाखवतो, कारण तो स्वतः करंट घेतच नाही. लूप इम्पीडन्स टेस्टर लावणारा माणूस बोलवावा लागतो आणि तो शंभर रुपयांत येत नाही.

"मग तीन व्होल्टची अट पाळायची कशी?" पहिला उपाय म्हणजे न्यूट्रल जाड करा, जोड आवळा, लोड तीन फेजवर नीट वाटा. तरी जमत नसेल, तर रॅकजवळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. त्याच्या सेकंडरीचं एक टोक तिथेच, एकाच ठिकाणी, इमारतीच्या अर्थिंगला जोडायचं, म्हणजे तिथून पुढे ते टोक न्यूट्रल. इथे मिळणारा जवळपास शून्य खरा असतो, कारण हा नवा न्यूट्रल इथेच सुरू होतो. दिसायला तोच बोटभर तुकडा, फक्त सॉकेटमध्ये नाही, ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर. पुढच्या वेळी शीट भरायला कोणी आलं, तर आकड्याशेजारी एवढंच लिहून मागा, की न्यूट्रल आणि अर्थ नेमके कुठे जोडलेत आणि ती जागा कोणी पाहिली.