व्हेंटिलेटर आहे, पण बाळाच्या मापाचा?

चार किलोच्या बाळाचा एक श्वास म्हणजे साधारण 25 ते 30 मिली, पाच-सहा छोटे चमचे हवा! ऑपरेशनसाठी भूल दिली की मशीनने तेवढीच हवा मोजून द्यायची. जास्त गेली तर फुप्फुसाला इजा, कमी पडली तर ऑक्सिजन झपाट्याने घसरतो.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातून हर्नियाचं एक बाळ जिल्ह्याला पाठवलं. इथे व्हेंटिलेटर होता, पण लहान मुलांच्या नळ्या नव्हत्या, भूलतज्ज्ञ नव्हते. पाठवणाऱ्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही.

चूक माझीही आहे. कोविडमध्ये 'इतके व्हेंटिलेटर आले' अशा बातम्या मीच दिल्या. त्यातले लहान मुलांना किती चालतात, हे विचारलंच नाही. आता विचारतोय. पुढची फीत कापली जाईल तेव्हा तुम्हीही विचारा.