दाखला कोणत्या घोड्याचा?

दत्तजयंती जवळ आली की आमच्या टपालात एकाच विषयाची पत्रे वाढतात. यंदाही सारंगखेड्याला बछेरे घेऊन निघालेल्यांची तक्रार तीच आहे: ग्लँडर्सचा अहवाल वेळेत हातात पडत नाही. आधी रक्त काढायला डॉक्टर भेटायला हवेत, मग रक्तजल बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचायला हवे. एलायझात संशय आला तर पुढे सीएफटी. तोवर बाजार उठलेला असतो. तक्रार खरी आहे. बाजाराची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. त्या हिशोबाने आधीच्या महिन्यात गावोगावी नमुने घ्यायची शिबिरे लावणे खात्याला अशक्य नाही. चाचणीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. या रोगाला लस नाही, उपचाराला परवानगी नाही, जनावर बाधित निघाले तर मारावे लागते, आणि तो मोतद्दारालाही जडतो.

आमचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका वाचकाने पाठवलेली दाखल्याची प्रत आमच्यासमोर आहे. घोड्याच्या वर्णनात इतकेच शब्द: ‘नर, लाल, वय अंदाजे ३, कपाळावर टिळा.’ असे घोडे बाजारातल्या एका दावणीला चार सापडतील. हा कागद त्यांतल्या कोणाचा? शिक्का आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे. घोडा तेवढा नाही. संबंधित कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘अर्जात तेवढाच रकाना आहे.’ रकाना अपुरा आहे हे कळूनही त्यावर वर्षानुवर्षे सह्या होतात आणि रोगनियंत्रण झाले असे धरले जाते. एका घोड्याचे रक्त आणि दुसऱ्याच्या हातात दाखला, हा प्रकार चालतो हे आपण सगळे जाणतो. तो करणारे आपल्यातलेच आहेत, हेही.

यातली खंत अशी की घोडा ओळखण्याची विद्या आपल्याइतकी कोणाकडे नाही. देवमण कुठे आहे, गळ्यावरचा भोवरा किती खाली उतरला आहे, यावरून आपण लाखाचा सौदा मोडतो. परदेशी पासपोर्टात घोड्याची रेखाकृती असते आणि तिच्यावर हेच भोवरे फुलीने दाखवलेले असतात, कारण रंग वयानुसार बदलतो, भोवरा बदलत नाही. आपण त्यात शुभाशुभ पाहिले, ओळखपत्र पाहिले नाही. मारवाडीच्या नोंदणीत मायक्रोचिप आणि पासपोर्ट आले. भीमथडीलाही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. मेरठच्या लष्करी केंद्रातला रोगमुक्त अश्वविभाग २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केला. तिथे कोणता घोडा आत आला आणि कोणता बाहेर गेला, याची नोंद चुकून चालत नाही. खात्याने निदान दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घोड्याची बाह्यरेषा छापावी. त्याला ना नवा कायदा लागतो, ना निधी.

ओळखीचा हा घोळ फक्त रोगापुरता नाही. कोवळ्या घोड्याचे शिक्षणही त्यातच बिघडते. वरच्या दाखल्यातले ‘अंदाजे ३’ पुन्हा वाचा. बाजारात ओठ वर करून पाहिले तर पुष्कळदा समोरचे सगळे दूधदात जागेवर असतात: आखूड, पांढरेशुभ्र, हिरडीशी निमुळते. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. म्हणजे तीन म्हणून विकलेला बछेरा अडीचचाही नाही. घेणारा मात्र तीन धरून त्याच्यावर बसतो आणि लग्नसराईसाठी नाच शिकवायला काढतो. गुडघ्यावरच्या हाडाची वाढरेषा दोन-अडीच वर्षांपर्यंत बंद होत नाही, पाठीच्या मणक्यांची तर पाच-सहा वर्षांपर्यंत. एवढ्या लवकर पाठीवर वजन आणि मागच्या पायांवर उड्या आल्या की पाचव्या वर्षी घोडा पाठ चोरतो, लंगडतो, आणि मग ‘अडेल निघाला’ म्हणून पुढच्याच्या गळ्यात मारला जातो.

तोंडात नवे दात फुटत असताना जो काटेरी लगाम चढवतो त्याला तर आम्ही पालक म्हणायलाच तयार नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनीही काट्यांना बंदी आहे. त्या वयात म्होरकी, हाताला धरून चालवणे, चारी पाय उचलून नालबंदापुढे शांत उभे राहणे एवढे पुरे. काव्यावर घ्यायचे तर वर्तुळ मोठे, वेळ थोडा, दोन्ही हातांना सारखा.

मित्रहो, शासनाचा रकाना मोठा होईल तेव्हा होईल. आपली वही आजपासून सुरू करा. शिंगरू जन्मले त्या दिवशीच तारीख लिहा, डावा-उजवा आणि समोरून फोटो काढा, प्रत्येक भोवरा कागदावर मांडा. धनुर्वाताची पहिली लस, चार-सहा आठवड्यांनी दुसरी, दरवर्षीची पुढची. जंताचे औषध कोणते आणि कधी. खुरे कापली त्या तारखा. सकाळी चंदीआधी, घोडा निवांत असताना ताप आणि नाडी मोजायची सवय मोतद्दाराला लावा. मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. शिंगराची जास्त असते, म्हणून त्याचा स्वतःचा आकडा ठाऊक हवा. एरवी ४० असणारी नाडी ६० वर गेली, घोडा कुशीकडे वळून पाहू लागला आणि पोटाची गुरगुर थांबली, तर काढ्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांना फोन करा. ते आल्यावर पहिली वही त्यांच्या हातात द्या.

यंदा सारंगखेड्याला, माळेगावला जो विकायला उभा राहील त्याने वही सोबत आणावी. जो घ्यायला जाईल त्याने दात पाहण्याआधी ती मागावी, आणि वहीतले भोवरे समोरच्या घोड्यावर बोट ठेवून जुळवावेत. जुळले नाहीत तर बयाणा देऊ नये.